आणि की किंवा

वहीतला एक शब्द मी लाल पेनाने खोडला आणि त्याच्या डोक्यावर दुसरा लिहिला. शाळेत आयुष्यभर हेच केलं, हजारो वेळा केलं असेल. पण ८ मे २०२५ च्या सकाळी खोडलेला तो एक शब्द अजून माझ्या मागे लागलेला आहे.

दहावीत जाणाऱ्या मुलांचा सुट्टीतला वर्ग होता. मुंबईत नायगावात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गणेशोत्सव मंडळाची खोली आहे. निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात तिथे इमारतीतली आणि आजूबाजूच्या चाळींतली दहा-बारा मुलं घेऊन मी बसते. भिंतीला टेकवलेली मखराची कमान, कोपऱ्यात कापडात गुंडाळलेले ताशे, उभा करून ठेवलेला कॅरम आणि मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी. नऊ वाजताच खोली तापते, मुलांच्या मानेवरून घाम वहीवर टपकतो आणि शाई पसरते. त्या दिवशी द्वंद्व समास शिकवत होते. आईवडील म्हणजे आई आणि वडील, हा इतरेतर. खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे, हा वैकल्पिक. मीठभाकर म्हणजे मीठ, भाकर वगैरे, हा समाहार. तिन्ही प्रकार झाल्यावर म्हटलं, आता पुस्तकातली उदाहरणं नकोत, आपापली दोन-दोन काढा आणि विग्रह करून दाखवा. ‘वडापाव’ चार जणांनी काढला. ‘चहापाव’ही आला. आणि एका मुलाच्या वहीत, सुरेख अक्षरात, दोन्ही बाजूंना समास सोडून लिहिलेलं होतं: भारत-पाकिस्तान, भारत किंवा पाकिस्तान, वैकल्पिक द्वंद्व.

मी ‘किंवा’वर काट मारली. वर ‘आणि’ लिहिलं. शेजारी ‘इतरेतर’ लिहून त्याखाली रेघ ओढली. त्याने वही परत घेतली, पाहिली आणि विचारलं, “बाई, आणि कसं?” मी म्हटलं, “अरे, दोन्ही नावं सारख्या दर्जाची आहेत, दोन्ही पदं महत्त्वाची, म्हणून आणि.” तो थोडा थांबला. मग अगदी हळू, मलाच काही माहीत नाही आणि मला दुखवायचंही नाही अशा आवाजात म्हणाला, “पण दोन्ही नाही ना राहणार बाई.”

मी हात पुढे करून पुढची वही मागितली.

आदल्या दिवशीचं सगळं ताजं होतं. पहाटे जाग आली ती शेजारच्या खोलीतल्या टीव्हीने. रात्री भारताने सीमेपलीकडे नऊ ठिकाणांवर हल्ले केल्याचं तेव्हा कळलं. दुपारी चार वाजता देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता. आपल्याकडे क्रॉस मैदानावर झाला, तो भोंगाही मी टीव्हीवरच ऐकला. आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पहाटेची ती बातमी ऐकून मला बरं वाटलं होतं. चहा करता करता मनात आलं, बरं झालं, एकदाचं उत्तर दिलं. पहलगामला २२ एप्रिलला सव्वीस माणसं मारली गेली. नाव विचारून, धर्म विचारून मारलं, बायकापोरांच्या डोळ्यांदेखत मारलं. त्यातले तिघे आपल्या डोंबिवलीचे. त्यानंतरचे पंधरा दिवस घशात काहीतरी अडकून होतं आणि त्या पहाटे ते खाली उतरलं. त्या मुलाच्या मनात होतं तेच माझ्याही मनात होतं. फरक एवढाच की त्याने ते वहीत लिहिलं, आणि मी त्याच्या वहीत व्याकरण लिहिलं.

संध्याकाळी नाक्यावर भाजीवाल्याकडे त्याची आई भेटली. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “बाई, वर्गात नीट बसतो ना तो? घरी बोलतच नाही हल्ली.” मग पिशवीत कोथिंबीर खोचत खालच्या आवाजात तिने सांगितलं. त्याची आत्या डोंबिवलीला असते. ते मृतदेह आणले त्या दिवशी हा नेमका तिच्याकडे होता. आत्यासोबत गर्दीत उभा होता. “लहान म्हणून पुढे सोडला त्याला लोकांनी,” ती म्हणाली. “मी असते तर जाऊ दिला नसता.”

मी घरी आले आणि त्या ‘किंवा’चा विचार करत बसले.

मी सात वर्षांची असताना १९७१ चं युद्ध झालं. ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला संपलं, पण माझ्या आठवणीत ते चांगलं दोन-तीन महिने चालू आहे. आईने पातेल्यात मैद्याची खळ शिजवली होती आणि काळे कागद खिडकीच्या काचांना चिकटवले होते. तो आंबूस वास त्या खोलीत पुढे कितीतरी दिवस होता. बसच्या, टॅक्सीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केलेला असायचा, झोप आलेल्या डोळ्यांसारखा. रात्री खाली वाडीत माणसं फिरायची आणि ओरडायची, “ए, तिसरा मजला, दिवा दिसतोय!” आम्हा मुलांना त्याची मजा वाटायची. बाबा गिरणीत होते. आमच्या भागात दिवसच भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की डबा भरायचा, भोंगा झाला की पाळी सुटायची. त्यामुळे विमानहल्ल्याचा भोंगा पहिल्यांदा झाला तेव्हा मी आईला विचारलं, “बाबा आत्ता कसे सुटले?” आईने काही न बोलता मला ओढून कॉटखाली घातलं. ज्या आवाजाने बाबा घरी यायचे, त्याच आवाजाला घाबरायचं, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. आपलं आपण शिकलो.

आणि गॅलरीत आम्ही युद्ध-युद्ध खेळायचो. पाकिस्तान व्हायला कोणी तयार नसायचं. मग जो सगळ्यांत लहान, तो पाकिस्तान. म्हणजे मी. मला फार काही करायचं नसायचं. जिन्यापर्यंत पळायचं, गोळी लागली की पडायचं आणि मेल्यावर शंभर आकडे होईपर्यंत जिन्याखाली बसायचं. जिन्याखाली कोळशाची पोती होती, उंदरांचा वास होता आणि वरून भावंडांचे पाय धडधडत जायचे. मी सत्तरापर्यंत मोजायची आणि मग रडू यायचं. एकदा मोठी ताई खाली वाकून म्हणाली, “रडतेस काय, खोटं खोटं तर आहे.” तिचं बरोबर होतं. पण त्या अंधारात बसणं काही खोटं नव्हतं. पन्नासेक वर्षांनी वर्गात मी जे काही केलं, ते त्या जिन्याखालून आलं असावं असं आता वाटतं.

बी.एड.ला असताना आमची सहल कोसबाडच्या टेकडीवर गेली होती. ताराबाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं, हे आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलेलं होतं. ताराबाई ज्यांच्या पद्धतीने शिकवत, त्या मारिया माँटेसरींचीही तारखांपुरतीच ओळख होती. खरी गोष्ट त्या सहलीत कळली. या बाई १९३७ साली कोपनहेगनच्या परिषदेत, युरोपवर युद्धाचे ढग असताना, शांततेसाठी शिक्षण हा विषय घेऊन उभ्या राहिल्या. १९३९ मध्ये मद्रासला शिक्षकांना शिकवायला आल्या. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या एका दिवसात शत्रूच्या देशाच्या नागरिक झाल्या. मुलाला अहमदनगरच्या छावणीत डांबलं, त्यांच्या फिरण्यावर बंधनं आली. ऑगस्टमध्ये त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मुलगा सुटला. तरी त्या शिकवत राहिल्या. १९४६ पर्यंत इथल्या हजाराहून जास्त शिक्षकांना त्यांनी तयार केलं. ज्या सरकारने मुलगा पकडून नेला, त्याच सरकारच्या मुलखातल्या शिक्षकांना. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, मला ते एखाद्या संताच्या गोष्टीसारखं वाटलं. मला आठवत राहिला तो मात्र त्या पद्धतीतला एक लहानसा खेळ. मुलांनी डोळे मिटून अगदी गप्प बसायचं, कानावर येतील ते आवाज ऐकायचे आणि बाई कुजबुजल्यासारखं एकेकाचं नाव घेतील तेव्हा पाऊल न वाजवता उठून जायचं. खेळाचं नाव शांततेचा खेळ. बाहेर वाऱ्याने गवत सळसळत होतं आणि चाळीस मुलं आपलं नाव ऐकू यावं म्हणून श्वास धरून बसली होती.

मग नोकरी लागली, आणि मग १९९२ आलं.

त्याबद्दल सगळं सांगत बसत नाही, मुंबईकराला सांगायला नको. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत मिळून नऊशे माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. मला आठवतो तो हजेरीपट. संचारबंदी उठून शाळा भरली तेव्हा बाकांवर खड्डे पडले होते. नावं घेत जायची आणि उत्तर नाही आलं की ‘गै’ लिहायचं. पहिले काही दिवस मी ‘गै’ लिहिलं, नंतर नुसताच रकाना सोडायला लागले. जानेवारीच्या शेवटी एका मुलीचे वडील दाखला न्यायला आले. कोकणी मुसलमान, गाव खेडच्या बाजूला, बोटीवर काम करणारे. आमच्यासारखंच मराठी बोलायचे, किंबहुना आमच्याहून गोड. मुलगी सातवीत होती, निबंध सुंदर लिहायची, शब्द जपून वापरायची. ऑफिसात कारकुनाने दाखल्याचा कागद पुढे ओढला आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन धरून मला विचारलं, “बाई, कारण काय लिहू?” मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “लिहा काहीही. गावी नेतो तिला, आजीजवळ.” मी म्हटलं, “स्थलांतर.” कारकुनाने लिहिलं. वडील म्हणाले, “हां, बरोबर आहे,” आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

तिची निबंधाची वही माझ्या कपाटात होती. डिसेंबरच्या सुरुवातीला तपासायला घेतलेली. वडील गेल्यावर दोन दिवसांनी आठवली. त्यांचा पत्ता होता, पण तिथे आता कोणी राहत नव्हतं. ती वही मी बरीच वर्षं ठेवली आणि २६ जुलै २००५ च्या पाण्यात तळमजल्याचं कपाट बुडालं तेव्हा इतर वह्यांबरोबर तिचाही लगदा झाला. अर्धी तपासलेली होती.

पुढे एका प्रशिक्षणात संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कांच्या कराराचा कागद वाटला होता. त्यातलं एकोणतिसावं कलम शिक्षणाबद्दल आहे. मुलाला समजूत, शांतता, सहिष्णुता आणि सगळ्या लोकांमधला स्नेह या भावनेने जगता यावं म्हणून शिक्षण द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. खाली बारीक अक्षरात तारीख होती. भारताने हा करार स्वीकारला ११ डिसेंबर १९९२ ला. ती तारीख मी दोनदा वाचली. त्याच आठवड्यात आमच्या शाळेचं फाटक बंद होतं आणि रस्त्यावर जळक्या टायरचा वास होता. दिल्लीत किंवा न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी चांगल्या मनाने सही केली असेल, त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण शेजारी बसलेल्या बाईंना मी ती तारीख बोटाने दाखवली, त्यांनीही पाहिली, आणि मग आम्ही दोघी दिवसभर काही बोललो नाही.

दंगलीनंतरची दोन-तीन वर्षं शाळाशाळांतून एकात्मतेचं पीक आलं होतं. वक्तृत्व स्पर्धा, चित्रं, प्रतिज्ञा. कबुतरं तर इतकी काढली मुलांनी की पांढरा खडू पुरत नव्हता. मीही निबंध दिले. ‘आम्ही सारे एक’ या विषयावर एका मुलाने इतकं सुंदर लिहिलं की मी तो वर्गात वाचून दाखवला. दुपारच्या सुट्टीत नळापाशी तोच मुलगा दुसऱ्याला सांगत होता, ‘त्यांच्या’ पोराने भरलेली बाटली घेऊ नकोस. त्याच्या आवाजात द्वेषही नव्हता, साधी खबरदारी होती, गरम तव्याला हात लावू नको म्हणावं तशी. निबंधात काय लिहिल्यावर मार्क मिळतात ते त्याला ठाऊक होतं आणि घरी काय बोलतात तेही. दोन्ही त्याने आपापल्या खणात ठेवलं होतं. त्यानंतर मी शांततेवर निबंध लिहायला लावणं सोडून दिलं. मुलांनी खोटं सुरेख लिहावं, हे माझ्या हातून होऊ नये एवढंच वाटलं.

काही लोकांनी त्या काळात खरंच हात घातला. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला दंगली झाल्या होत्या, पण ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा ती शांत राहिली. सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्याने आधीची काही वर्षं तिथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या, दोन्हीकडची साधी माणसं दर काही दिवसांनी एकत्र बसवली होती. मग मुंबईतही ते सुरू झालं. पोलिस दलातले जुलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, ही माणसं वस्त्यांतून हिंडली. पोलिस आणि पोरं यांचे क्रिकेटचे सामने लावले. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक वांड मुलगा त्यात खेळला. नंतर भेटला तेव्हा सांगत होता, “बाई, ज्या हवालदाराने मला काठी हाणली होती ना, त्यालाच बोल्ड काढला.” आणि मग, “त्याने येऊन पाठ थोपटली.” एवढं सांगून तो थांबला, जणू पुढचं त्यालाच अजून जुळवता आलेलं नव्हतं.

पण हे सगळं भांडण झाल्यानंतरचं. त्या मुलाने ‘किंवा’ लिहिलं तेव्हा भांडण चालू होतं. विमानं उडत होती. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी बारा वर्षांची जुळी बहीणभावंडं मेली होती. सीमेवरच्या जिल्ह्यांत शाळा बंद होत्या. अशा वेळी शांततेचं काय बोलायचं? कोणत्या तोंडाने बोलायचं? ज्याचं माणूस गेलं त्याला ते शब्द मिठासारखे झोंबतात. गप्प राहावं, तर मुलं टीव्हीकडून शिकतात आणि टीव्ही गप्प राहत नाही.

अशाच चालू लढाईत काही शिक्षकांनी केलेल्या एका कामाबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. ते त्या रात्री आठवलं. इस्रायलमधले दान बार-ऑन आणि पॅलेस्टाईनमधले सामी अदवान, दोघेही प्राध्यापक. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, ऐन भरात होता, तेव्हा त्यांनी दोन्हीकडचे इतिहासाचे शिक्षक एका खोलीत आणले. पॅलेस्टिनी शिक्षकांना तिथवर यायचं तर नाके, परवाने, संचारबंदी. इस्रायली शिक्षकांना बसमधल्या स्फोटांची भीती. एकच इतिहास लिहू म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळे उठून गेले असते. १९४८ साल एकाचं स्वातंत्र्ययुद्ध, दुसऱ्याची नकबा, म्हणजे महासंकट. दोघेही आपापल्या जागी रडलेले. म्हणून त्यांनी पानाचे तीन उभे भाग केले. एका कडेला इस्रायली हकिगत, दुसऱ्या कडेला पॅलेस्टिनी हकिगत, आणि मधे कोऱ्या ओळी, वाचणाऱ्या मुलाने स्वतःचं लिहावं म्हणून. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी ती पुस्तिका शाळांत शिकवायला मान्यता दिली नाही. शिक्षक तरी भेटत राहिले. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या दोन हकिगतींचं अप्रूप वाटलं होतं. आता आठवला तो मधला कोरा रकाना. आणि त्यासोबत कारकुनाने पेन टेकवून धरलेला दाखल्यातला रकाना. त्यात मी माझ्या तोंडाने शब्द घातला होता. वडिलांना काहीतरी म्हणायचं असेल, तेवढी जागा मी त्यांना ठेवली नव्हती.

आणि त्या सकाळी वर्गात पुन्हा तेच. मुलाने स्वतःचा शब्द घातला आणि मी तो खोडून माझा घातला.

आयुष्यभर व्याकरण शिकवल्याने शब्दांकडे पाहायची एक खोड लागते. संधी म्हणजे दोन वर्ण जोडणं, आणि जुन्या राजनीतीत संधी म्हणजे तह. विग्रह म्हणजे सामासिक शब्द फोडून दाखवणं, आणि विग्रह म्हणजे युद्ध. द्वंद्व म्हणजे जोडी, आणि द्वंद्व म्हणजे दोघांची झुंज. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना जोडी आणि झुंज यांसाठी एकच शब्द पुरला. मी हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं, परीक्षेला येत नाही म्हणून.

१० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबला. सोमवारी बुद्धपौर्णिमा, सकाळपासून बीडीडी चाळींकडून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांची रांग जात होती, खिरीची पातेली होती. मंगळवारी वर्ग भरला. मी समास काढला नाही. मुलांना म्हटलं, डोळे मिटा आणि दोन मिनिटं फक्त ऐका. मोठी मुलं, आधी हसली, एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. मग हळूहळू बसली. पंख्याची कुरकुर, कबुतरं, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, बेस्टच्या बसचा ब्रेक, लांबवर लोकल. डोळे उघडल्यावर वहीचं पान उभं तीन भागांत दुमडायला सांगितलं. डावीकडे लिहा, हल्ले झाले त्या रात्री तुम्ही काय काय आवाज ऐकले. उजवीकडे लिहा, तिकडे, पलीकडे, तुमच्याच वयाच्या दहावीत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने काय ऐकलं असेल. मधे काय लिहायचं ते मी सांगणार नाही. ते मी वाचेन पण तपासणार नाही.

गोंधळ झाला. “बाई, त्यांचं आम्ही का लिहायचं?” हे तिघांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “लिहिलंच पाहिजे असं नाही.” जिन्याखाली मला कोणी विचारलं नव्हतं, मी या मुलांना तरी विचारलं पाहिजे. एका मुलीने उजवी बाजू कोरी ठेवून तिच्यावर आडवी रेघ मारली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मी मान हलवली. एकाने उजवीकडे सिनेमातल्यासारखे बॉम्बचे आवाज लिहिले, धडाम, धडाम, पान भरून. एकाला काही सुचेना, तो पेन्सिल चावत बसला आणि मग विचारलं, “त्यांच्याकडे पण कुकरच असतो का बाई?” कोणीतरी म्हणालं, “असेल ना, नाहीतर डाळ कशी शिजवणार?” आणि वर्गात पहिल्यांदा तिकडच्या एखाद्या घराबद्दल बोलणं झालं. तिकडे मे महिन्यात आंबे असतात का, सुट्टी असते का, दहावीला बोर्ड असतं का. तीन-चार मिनिटंच झालं. मग कोणीतरी क्रिकेटवर नेलं आणि पुन्हा आवाज चढले.

तो मुलगा खाली मान घालून लिहीत होता. सगळ्यांत शेवटी त्याने वही दिली आणि चप्पल पायात सरकवून निघून गेला. डाव्या रकान्यात दोन ओळी होत्या: टीव्ही. बाबांचं घोरणं. उजवा रकाना रिकामा. तिथे काहीतरी लिहून खोडरबराने पुसलं होतं, कागद जरा फाटायला आला होता. मी पान उजेडाकडे धरलं, पण काही वाचता आलं नाही. आणि मधे, त्याच सुरेख अक्षरात, अरुंद जागा म्हणून एकाखाली एक: आत्याकडे रात्रि टीव्ही चालूच असतो. आवाज बारीक केलेला. बंद केला की ती उठून बसते आणि विचारते, कोण आलं.

‘रात्रि’तली वेलांटी ऱ्हस्व होती. लाल पेन हातातच होतं, त्याला टोपण लावलं आणि वही बाकीच्या वह्यांवर ठेवली.